लाल राहिलेल्या चार चौकटी

सदाशिव पेठ, पुणे
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय तनू,

अडीच वर्षं तुझ्या मेसेजना उत्तर दिलं नाही आणि आता एकदम एवढं जाड पाकीट. रागावली असशील तर रागव, पण वाचताना मध्ये थांबू नकोस. फोनवर सांगायचं म्हणून मी दोनदा तुझा नंबर काढला आणि दोनदा ठेवून दिला. तू पहिल्याच वाक्याला 'काय बोलतेयस तू?' म्हणाली असतीस आणि मला पुढचं सुचलं नसतं.

आधी साधी बातमी. आपली इमारत पाडणार आहेत. खालचा क्लास गेला, शेजारचे दातांचे डॉक्टर गेले, या महिनाअखेर मलाही एडिट रूम रिकामी करायची आहे. सामान फारसं नाहीच. दोन टेबलं, दोन खुर्च्या आणि तुझ्या दादाच्या, विक्रमच्या, हार्ड ड्राइव्ह. एकूण सत्तावीस. तुला त्याची पद्धत आठवत असेल, प्रत्येकीवर पांढरी पट्टी, पट्टीवर फक्त आकडा, आणि कुठल्या आकड्यात कुठलं लग्न ते त्याच्या डोक्यात. तो गेल्यावर ते डोकंही गेलं. लोक अजून फोन करतात, 'आमच्या लग्नाची मूळ क्लिप मिळेल का, त्यात आजोबा होते.' मी म्हणते शोधते, आणि शोधत नाही. तुला खरं सांगते, त्या ड्राइव्ह लावायची मला भीती वाटायची. कॅमेरा त्याच्या हातात असायचा, म्हणजे प्रत्येक शॉटमध्ये त्याचा श्वास आहे, त्याचं खोकणं आहे, मध्येच 'नाजिमा, हे कापून टाक' आहे.

पण आता इलाज नव्हता. ऑगस्टमध्ये मी दोन मोठ्या नव्या ड्राइव्ह घेतल्या आणि ठरवलं की रोज सकाळी दोन जुन्या उघडायच्या, वर्ष, महिना, आडनाव असे फोल्डर करायचे, सगळं दोन्हीकडे उतरवायचं. एक प्रत इथे, एक नाना पेठेत अम्मीच्या कपाटात. नऊ वर्षं आम्ही दोघं पाठीला पाठ लावून या खोलीत बसलो, पण त्याच्या फोल्डरांत मी कधी शिरले नव्हते. शिरल्यावर कळलं की माणूस मनाने भलताच व्यवस्थित होता. बाहेरून पसारा, आत प्रत्येक गोष्टीला जागा.

एकोणीस नंबरच्या ड्राइव्हमध्ये मला एक प्रोजेक्ट सापडला जो कोणाच्याच लग्नाचा नव्हता. नाव होतं 'ती'. बस, एवढंच. आमच्या धंद्यात प्रोजेक्टची फाइल म्हणजे नुसती यादी असते गं, कुठला तुकडा कुठल्या ड्राइव्हवरून घ्यायचा त्याची. खरं चित्र त्या त्या ड्राइव्हवर असतं. ड्राइव्ह जोडलेली नसेल तर तुकड्याच्या जागी लाल चौकट दिसते. मी 'ती' उघडला आणि पडदाभर लालच लाल. चारशे बारा तुकडे, एकामागून एक लावलेले, आणि एकाचंही चित्र नाही. पहिल्या चार चौकटींवर त्याने खूण लावून एक ओळ लिहिली होती: 'पहिल्यांदा इथे दिसली.' फाइल शेवटची सेव्ह झाली होती १४ मार्च २०२३ला, सकाळी नऊ चाळीसला. ती तारीख तुला सांगायला नको. दुपारी एक वाजता मला विश्रांतवाडीहून अपघाताचा फोन आला होता.

तेव्हा आपण सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, आठवतं? तो आळंदी रस्त्यावर काय करत होता? त्या दिवशी शूट नव्हतं, सोबत कॅमेरा नव्हता, अंगात इस्त्रीचा शर्ट होता. तू माझ्याकडे बघितलं होतंस, मला माहीत असेल म्हणून. मला माहीत नव्हतं. तुझ्या मेसेजना उत्तर न देण्याचं कारणही तेच.

मी एकेक ड्राइव्ह जोडत गेले. जोडली की त्यातल्या चौकटी लाल सोडून चित्र धरायच्या. पहिल्या दिवशी तीस-पस्तीस उघडल्या आणि मला काहीच अर्थ लागेना. सगळ्या बायका. लग्नाला आलेल्या अनोळखी बायका, पन्नाशीच्या आसपासच्या. कोणाचा नुसता अंबाडा, कोणाची मान, कोणाचा पाणी ओतणारा हात. मूळ शॉटमध्ये त्या कुठेतरी कोपऱ्यात होत्या, त्याने तो कोपरा चार-चार पट मोठा करून घेतला होता. आवाज सगळीकडे काढून टाकलेला. भर सकाळी, बाहेर भाजीवाला ओरडतोय, आणि मी बघतेय की ज्याच्याबरोबर नऊ वर्षं डबा खाल्ला तो माणूस गुपचूप बायकांच्या माना जमवत होता. मला किळस आली, तनू. मी मशीन बंद केलं आणि दोन दिवस तिकडे फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी बावीस नंबर जोडली आणि बायका संपल्या. म्हणजे एकच उरली. २०१९ पासून पुढे प्रत्येक तुकड्यात तीच. अकरा लग्नं, अकरा घरं, एकमेकांशी काही संबंध नसलेली. कर्वेनगरचं लग्न, हडपसरचं, धानोरीचं. ही बाई प्रत्येक ठिकाणी. कधी जेवणाच्या हॉलच्या दारात अर्धी, कधी पंगतीमागून जाताना, कधी नुसती भिंतीशी. आणि दर वेळी एक क्षण असा येतो की ती थेट कॅमेऱ्यात बघते, मग पदर कपाळावर ओढून वळते. ती सगळी लग्नं मी माझ्या हाताने एडिट केली होती. नवरीच्या भुवया मी शंभरदा पाहिल्या असतील. ही बाई मला एकदाही दिसली नव्हती.

तेविसाव्या ड्राइव्हमध्ये तिचा चेहरा नीट आला. हनुवटीवर तीन हिरवे ठिपके, गोंदणाचे. मी मागे सरकले, खुर्ची विक्रमच्या रिकाम्या खुर्चीवर आदळली. कारण तो चेहरा मी वारज्याला तुमच्या घरी पाहिला होता, हार घातलेला. पंचवीस वर्षांपूर्वी कालव्यात गेलेली तुमची आई.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, अम्मी ठेवते. पण त्या खोलीत मी उठून तिन्ही ट्यूब लावल्या. मग मला एक साधी गोष्ट सुचली आणि तिनेच जास्त भीती वाटली. फोटोतली बाई चौतीस वर्षांची आहे. पडद्यावरची जवळजवळ साठीची. मेलेलं माणूस म्हातारं होत नाही.

शेवटच्या तुकड्याला आवाज होता. सगळ्यांत तेवढ्या एकालाच. १२ मार्च, रविवार, विश्रांतवाडीचं एक कार्यालय. ती हातात ताटांची चवड घेऊन जातेय. कॅमेऱ्यामागून विक्रमचा आवाज येतो, अगदी हळू, आपण झोपलेल्याला हाक मारतो तसा: 'आई.' ती थांबते. ताटं वाजतात. मान न वळवता ती म्हणते, 'मंगळवारी ये. दुपारी. एकलाच ये.' आणि निघून जाते. त्यानंतर अर्धं मिनिट नुसती फरशी दिसते, कॅमेरा खाली गेलाय आणि त्याच्या लक्षात नाही. चौदा मार्चला मंगळवार होता, तनू.

मी तिचं एक चित्र छापलं आणि त्या लग्नाच्या केटररकडे गेले. बद्रीनाथ म्हणून आहे, चिडका पण सरळ. फोटो बघून म्हणाला, "छान काढलाय. लोक नवरीचे काढतात, तुम्ही पोळीवालीचा." मग म्हणाला, ह्या आमच्या मुक्ताई, वीस-बावीस वर्षं आहेत, पोळ्यांना आणि पंगतीलाही, विश्रांतवाडीत मागच्या बाजूला एका खोलीत राहतात. इतकं सोपं होतं सगळं. अकरा लग्नांत तीच बाई, कारण अकराही ठिकाणी बद्रीनाथची पंगत. मी घरी परतताना हसले सुद्धा.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात उभी राहिले तेव्हा हसू गेलं. ती उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होती. मी काही बोलायच्या आत तिने वर बघितलं आणि म्हणाली, "तू त्या क्यामेरावाल्याच्या संगतीची ना? लग्नांत दिसायचीस. त्याला म्हणावं, मंगळवार कवाच होऊन गेला."

तिला माहीत नव्हतं. अडीच वर्षं ती समजत होती की मुलाने विचार बदलला. मला सांगावं लागलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. तिने विचारलं, कुठं? मी म्हटलं, इथेच, चौकाच्या अलीकडे. ती बराच वेळ मेथीच्या काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, त्या दुपारी ती त्याला बघायला चौकापर्यंत गेली होती. तिथे कोणाला तरी गाडीने उडवलं म्हणून गर्दी होती. एवढ्या गर्दीत पोरगा आपल्याला कसा ओळखणार, म्हणून ती खोलीवर परत येऊन बसली. आमटी-भात करून ठेवला होता. "रात्री मीच खाल्ला," म्हणाली. मग मला विचारलं, तू त्याची कोण? मी काय सांगणार? म्हटलं, पार्टनर. ती माझ्याकडे बघत राहिली.

तुझी आई कशी गेली ते तिने मला सरळ सांगितलं, आवाज न चढवता. काकांशी, म्हणजे तुझ्या वडिलांशी, भांडण झालं, ती अंगावरच्या साडीनिशी निघून आळंदीला गेली आणि तिथल्या एका धर्मशाळेत भांडी घासत राहिली. डोकं शांत झाल्यावर परत वारज्याला आली. गल्लीच्या टोकाशी मांडव दिसला. तिला वाटलं, कोणाकडे काय कार्य आहे? दारापाशी खुर्चीवर तिचाच फोटो, हार घातलेला. विक्रमचं डोकं भादरलेलं. तुला कोणीतरी कडेवर घेतलं होतं आणि तू जिलबी खात होतीस. एका माणसाने, पदर तोंडावर होता म्हणून ओळखलं नाही त्याने, तिला सांगितलं की संजयची बायको कालव्यात गेली, आज तेरावा आहे, शेवटची पंगत बसतेय, जेवून जा बाई. मी विचारलं, मग काकू? ती म्हणाली, "मग काय. जेवले."

मी तिला म्हटलं, उठून सांगायचं होतंत. ती म्हणाली, सगळं रडून-आवरून झालं होतं. जाळलं होतं, राख सोडली होती. आता उठून मी न्हाय मेले म्हणू, तर मग जाळली ती कोण, हे सांगाया लागंल.

त्यावर मला विक्रम आठवला. एकदा शूटवरून येताना, स्कूटर चालवत, तो म्हणाला होता की स्मशानात त्याने वडिलांना विचारलं, आईच्या हनुवटीवरचे ठिपके कुठे गेले? काका म्हणाले, पाण्याने गेले. अकरा वर्षांच्या पोराला ते पटलं. मोठा झाल्यावर पटेना. काका खोटं बोलले की त्यांनाही तसंच वाटलं, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं.

आता उरल्या पहिल्या चार चौकटी. त्या लालच होत्या, कारण सहा नंबरची ड्राइव्ह सुरूच होत नव्हती. फिरल्यासारखा आवाज यायचा, मग टक्, आणि गप्प. मी ती अप्पा बळवंत चौकाजवळ एका दुरुस्तीवाल्याकडे टाकली. त्याने महिना घेतला, पण जवळपास सगळं काढून दिलं. मधल्या काळात काकू दर बुधवारी दुपारी तीन वाजता इथे यायला लागली होती. बुधवारी तिला सुट्टी असते. मी चहा करते, ती विक्रमच्या खुर्चीत बसते आणि स्वतःला बघते. स्वतःला म्हणजे, पोराला ती कशी दिसत होती ते. एका तुकड्यात त्याचं बोट लेन्ससमोर येतं, तो तिने मला सहा वेळा लावायला सांगितला.

गेल्या बुधवारी ती आली तेव्हा दुरुस्त केलेली ड्राइव्ह नुकतीच हातात आली होती. म्हटलं, बघा काकू, त्याने तुम्हाला सगळ्यात आधी कुठे पाहिलं ते आज कळेल. मी जोडली आणि चारही चौकटी उघडल्या. मे २०१७, दुपारचं लग्न. हात धुवायच्या जागेजवळ खांबाला टेकून एक बाई उभी आहे. पहिल्या तुकड्यात पाठमोरी, दुसऱ्यात अर्धी, तिसऱ्या-चौथ्यात पूर्ण समोर. चेहरा तोच. मी कौतुकाने काकूकडे वळले तर तिने चहाचा कप खाली ठेवला होता.

"ही मी न्हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, अहो, असं काय करता? ती म्हणाली, हे कुठलं कार्यालय? मी नाव सांगितलं, वारज्याचं. ती म्हणाली, वारज्यात त्या तेराव्यानंतर मी पाऊल टाकलेलं न्हाय. बद्रीनाथला विचार, वारज्याचं काम मी घेतच न्हाय. मग तिने पडद्याजवळ जाऊन बोट ठेवलं. हनुवटी कोरी होती. एकही ठिपका नाही. आणि मग मला दिसलं ते, जे मी आधीच बघायला हवं होतं. ही बाई साठीची नव्हती, पन्नाशीचीही नव्हती. तुमच्या हाराच्या फोटोतल्या वयाचीच होती. मे महिन्याच्या दुपारी, सगळ्या हॉलमध्ये लोक पंख्याखाली घामेजलेत, आणि हिचे केस मानेला चिकटलेले, ओले, पदराच्या टोकातून पाणी गळतंय.

हात धुवायची जागा होती, नळ फुटला असेल. हे मी स्वतःला सांगितलं आणि मूळ क्लिप काढून पुढून मागून तपासली. कॅमेरा खांबावरून डावीकडे जातो तेव्हा तिथे कोणी नाही. तीन सेकंदांनी परत येतो तेव्हा ती आहे. शेजारून माणसं जातात, हात धुतात, कोणी तिच्याकडे बघत नाही. ती एकट्या विक्रमकडे बघते. ओळख असल्यासारखी. त्याने एकदाच तिचा चेहरा जवळून पाहिला होता, अकरा वर्षांचा असताना, अग्नी देण्यापूर्वी.

मी काकूला विचारलं, ही कोण? ती म्हणाली, मला काय ठावं. माझ्या जागी जळली ती हीच असंल. खालून कुठेतरी भिंत फोडायचा आवाज येत होता. शेवटी ती म्हणाली, हिनंच त्याला सांगितलं असंल, तुझी आई हाय म्हणून. न्हायतर तो कशाला धुंडत बसला असता? तनू, मला याच्यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. त्या दुपारपासून त्याने बायकांचे चेहरे जमवायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी त्याला खरी सापडली. ते चार तुकडे मी पुन्हा लावलेले नाहीत. त्यांची प्रतही अम्मीच्या कपाटात नेलेली नाही.

आता हे का लिहिलं ते सांगते. निघताना काकूने माझा हात धरला आणि म्हणाली, हे सगळं पुसून टाक. दोन्ही ठिकाणचं. तनूला कधी कळता कामा न्हाय, भाऊ आईला भेटाया निघाला आणि वाटेत गेला, हे घेऊन ती कशी जगंल? तिला मी मेलेलीच बरी. मी तिला शब्द दिला नाही. पुसायला फार वेळ लागत नाही आणि वरून दुसरं काही उतरवलं की जगातला कुठलाही दुरुस्तीवाला ते परत आणू शकणार नाही. ते तुला न विचारता करायचा अधिकार मला नाही, तिलाही नाही असं मला वाटतं. हे पाकीट तुझ्या कोल्हापूरच्या घरी न पाठवता तुझ्या बँकेच्या शाखेच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण दुपारी काका घरी एकटे असतात आणि पत्रं तेच घेतात. त्यांना काही विचारण्याआधी तू स्वतः बघ. एकोणीस तारखेला बुधवार आहे, खोली रिकामी होण्याआधीचा शेवटून दुसरा. ती तीनला येईल. तू आली नाहीस तर तुझं उत्तर मला समजेल आणि तिच्यासमोर मी जुन्या-नव्या सगळ्या ड्राइव्हवरून हे तुकडे पुसेन. आलीस तर दार ढकललेलं असेल. तिने तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, ती तुला ओळखणार नाही. आल्या आल्या काही सांगू नकोस. माझी खुर्ची मी मोकळी ठेवते. ती ओढ, तिच्या शेजारी बस आणि बघायला लाग.

तुझीच,
नाजिमा